सेनापती ‘जातो’ का म्हणाला?

परब गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. ते मी जुळवलं. गिरगावातल्या एका छापखान्यात मी जुळारी आहे. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, हे माझं काम. दीड महिन्यापूर्वी त्याच्या शाळेकडून शोकसभेच्या पत्रकाचा मजकूर आला आणि सवयीने मी निम्मी ओळ लावूनही टाकली. ‘नाट्याभ्यासक कै. दत्ताराम परब...’ तिथे हात थांबला. लालबागच्या एकाच चाळीत, एकाच जिन्यावर वाढलेलो आम्ही, आणि मला कळावं ते असं! अर्थात, दोन महिने मीच त्याच्या घराची पायरी चढलो नव्हतो, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. तरी पहिला राग आला तो त्याच्यावरच.

माणूसच तसा होता. शाळेत मराठी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मनोविश्लेषणाची इंग्रजी पुस्तकं पालथी घालायचा. त्यानंतर कुणाची धडगत नसे. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलेलं, आणि हा मोर्चात चालताना माझ्या कानाशी लागलेला. घोषणा देऊन माझा घसा बसला तर म्हणे, “घसा नाही बसला रे. आतून घाबरलायस तू.” नाही म्हटलं तर तो माझ्या मनाचा प्रतिकार, हो म्हटलं तर कबुली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? छापाही त्याचा, काटाही त्याचा.

त्याचा जीव अडकला होता सेनापतीच्या नाटकात. आमच्या वाडवडिलांनी रडत रडत पाहिलेलं हे जुनं शोकनाटक. तिसऱ्या अंकात सेनापती अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाया पडतो, किल्ल्याबाहेर पडतो आणि मूठभर माणसांनिशी शत्रूवर तुटून पडून मरतो. लोक म्हणत, कर्तव्यासाठी मेला. परब म्हणे, साफ खोटं. मराठी आईचा मुलगा उंबऱ्यावर ‘येतो’ म्हणतो, आणि हा म्हणतो ‘जातो’. त्या एका शब्दावर परबने नव्वद पानांचा प्रबंध उभा केला. सेनापतीला मरायचं नव्हतं, आईपासून सुटायचं होतं. सुटकेची दुसरी वाट त्याच्या मनाला ठाऊक नव्हती. रंगमंचावर प्रत्येक नट ‘येतो’च म्हणतो, हे कुणी दाखवून दिलं तर परब हसायचा. “नटांची जीभ कचरते. पुस्तकात काय छापलंय ते बघा!”

पुस्तकात काय छापलं होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. कारण ते मीच जुळवलं होतं.

मूळ जुन्या प्रतीत ‘येतो’च होतं. नवी आवृत्ती आमच्याकडे आली ती नेमकी चळवळीच्या ऐन धामधुमीत. दिवसभर पत्रकं चालायची. ‘झालाच पाहिजे’, ‘झालाच पाहिजे’ लावता लावता केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले, ‘च’ संपायचे आणि मी नाटकाच्या ओळींतले ‘च’ उपसून पत्रकात घालायचो. त्या गडबडीत ‘येतो’च्या जागी मी ‘जातो’ लावून बसलो, प्रुफं कुणी धड वाचली नाहीत आणि चूक तशीच छापून गेली. ती माझ्या ध्यानात आली परबच्या दादरच्या व्याख्यानात. सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि मी खुर्चीत घामाने भिजलो होतो.

सांगायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने मलाच समजावलं, की मित्राचं नाव झालं की मित्राच्या पोटात दुखतंच, त्यात वाईट वाटून घेऊ नये. तिसऱ्या वेळी मात्र मी जुनी प्रत घेऊन हिंदमाता थेटरापाशी त्याच्या घरी गेलो आणि पान उघडून ती त्याच्यासमोर आपटली.

“बघ. ‘येतो’ आहे. ‘जातो’ माझ्या हातून पडलं. चुकून.”

त्याने पान पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं... मला वाटलं, हा आता कोसळणार.

“चुकून कसं?”

“घाई होती रे! पत्रकं होती, खिळे कमी होते...”

“घाईत अक्षर चुकतं. ‘येतो’चं ‘यतो’ झालं असतं तर मानलं असतं. तू अख्खा शब्द बदललास.” मग एरवी माझ्याशी शाळेतली मराठी झाडणारा हा माणूस एकदम आमच्या मालवणीवर आला. अगदी हळू म्हणाला, “तेव्हा तुझी आवस कशी होती रे?”

मी तडक उठलो. काय वाटेल ते बोललो. त्याचा प्रबंध मातीत गेला होता, आणि हा माझ्या आईची चौकशी करत होता! त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती, तिच्या अंगावरून मी निघून आलो. तो परत बोलवायला आला नाही. कधी ना कधी मी येईन याची त्याला खात्री असावी. त्याचीही चीड येते.

आता शाळा त्याचा प्रबंध छापते आहे आणि कागद माझ्याच केसवर आले आहेत. परबचा एकही शब्द मी बदलणार नाही. शेवटी शुद्धिपत्र जोडणार आहे: ‘जातो हा शब्द नाटककाराचा नसून जुळाऱ्याचा आहे.’ लोक हसतील. परबला हसतील, याचा त्रास होतो. कारण तो चुकला नव्हता. फक्त माणूस वेगळा निघाला.

तेव्हा माझी आई अर्धांगाने पडून दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी तिचं सगळं करून, भरवून मी कामावर निघायचो. ती बोबड्या जिभेने “बेगीन ये” म्हणायची आणि मी “येतो” म्हणायचो. रोज. पुढल्या महिन्यात ती गेली, तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

परब, आवस बरी नव्हती रे. आणि ती बरी व्हावी, असं मला वाटेनासं झालं होतं.