मावशींची खरेदी

"बसा तर खरं, घ्यायचं मागनं बघू," असं म्हणत मावशी गादीवर तळहाताने दोनदा थापटायच्या. समोरची बाई कितीही घाईत असली तरी बसायची. ती बसली की मावशी तिच्याकडे न बघता कपाटाकडे वळायच्या आणि पहिली साडी अशी झटक्यात उलगडायच्या की पदर बरोबर तिच्या मांडीवर येऊन पडायचा. तुम्हीही अशा दुकानात बसला असाल. मांडीवर पडलेला पदर उचलून बाजूला ठेवणं किती अवघड असतं, ते तुम्हाला माहीत असेल.

दुकान कर्वेनगरात होतं, साड्यांचं, फार मोठं नाही. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. मावशी तिथे कितीतरी वर्षं साड्या दाखवायचं काम करत होत्या. राहायला वारज्याला, जुन्या गावठाणात. मी त्या वर्षी फक्त दिवाळीपुरती कामाला लागले होते. बाबांच्या कंपनीने पगार निम्मे केले होते आणि घरात कोणी काही बोलत नसलं तरी सगळ्यांना सगळं कळत होतं. कॉलेजमधल्या मैत्रिणींना मी "इंटर्नशिप" असं सांगितलं होतं. दुकानासमोरून ओळखीचा चेहरा गेला की मी काचेकडे पाठ करून घड्या घालत राहायची.

मावशी मला "मॅडम" म्हणायच्या. त्याला कारण मीच. पहिल्याच आठवड्यात एक बाई साडी घेऊन म्हणाली, "पाडव्यालाच घडी मोडीन." मी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मावशींनी तोंडाला पदर लावला. ती बाई गेल्यावर म्हणाल्या, "अगं, नवी साडी पहिल्यांदा नेसायची म्हंजे घडी मोडायची. इंग्रजी शाळेत साड्या नसत्यात व्हय?"

त्या वर्षी मंदी होती. दिवाळी तोंडावर आली तरी दुकानात कोणी येईना. बायका काचेशी थांबायच्या, आत डोकावायच्या, रिकामी गादी बघून पुढे जायच्या. शेठ गल्ल्यावर बसून आम्हा दोघींना म्हणायचे, "गर्दी करू नका गं, मला श्वास घ्यायला त्रास होतो." सुरुवातीला आम्ही हसायचो.

मग एका सकाळी शेठ म्हणाले, "रिकाम्या दुकानात माणूस शिरत नाही. तुमच्यापैकी एकीने एप्रन काढून गादीवर बसायचं. दुसरीने साड्या दाखवायच्या. रस्त्यावरून दिसायला हवं की खरेदी चाललीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींनी मात्र एप्रन काढला, केस सारखे केले, दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आल्या, आणि चक्क चप्पल बाहेर काढून गादीवर बसल्या.

"काय दाखवू?" मी पुटपुटले.

"हळू काय बोलतीस? गिऱ्हाईक बहिरं झालं तर?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "शेठ, ही पोरगी नवीन दिसती. शिकवा जरा तिला."

शेठसुद्धा हसले. मावशींचं गिऱ्हाईक फार नखरेल होतं. त्यांना काठ बारीक चालत नव्हता, जास्त मोठाही चालत नव्हता. जन्मभर ज्या ज्या बायकांनी त्यांना छळलं असेल त्या सगळ्या त्यांनी माझ्यासमोर एकेक करून बसवल्या. माझ्या हातात साड्यांचा ढीग झाला की हळूच म्हणायच्या, "आता कळलं, मी दिवसभर काय सोसती ते?" माझी पाळी आली की मी खाली मान घालून बसायची. बाहेरून बघणाऱ्याला मी साडी घ्यायला नाही, रडायला आलेय असं वाटत असणार. म्हणून बहुतेक वेळा मावशीच बसायच्या.

आणि एके दुपारी युक्तीला खरंच यश आलं. दार उघडून एक बाई आत आल्या आणि गादीजवळ येऊन थबकल्या.

"अगंबाई! विहीणबाई, तुम्ही?"

मावशींच्या लेकीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. ह्या तिच्या सासूबाई. लग्न ठरवताना मावशींनी त्यांना आपण घरीच शिवणकाम करतो असं सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण विहीणबाईंच्या घरातल्या बायका दुकानात कामाला उभ्या राहत नाहीत असं बोलणीतच कोणीतरी ऐकवलं होतं. मावशींचा निळा एप्रन गादीच्या कडेला पडला होता. मी तो पायाने गादीखाली सरकवला.

मावशींनी गादीवर हात थापटला. "या, या. बसा."

"पहिला दिवाळसण आहे ना," विहीणबाई बसता बसता हसल्या. "आमच्यासाठीच चाललंय की काय?"

तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता? लेकीचा पहिला दिवाळसण, तिच्या सासूला साडी द्यायची पद्धत, आणि आईच्या मांडीवर साड्यांचा ढीग. मावशी म्हणाल्या, "मग? तुमच्यासाठीच की. बरं झालं आलात, तुमच्या पसंतीनं होईल."

त्यानंतर मावशींनी जे काही केलं, त्याला अभिनय म्हणायचं की काय ते मला आजही ठरवता येत नाही. त्या माझ्यावर डाफरल्या, "ए मुली, ती वरची काढ." शेठना म्हणाल्या, "नेहमीचं गिऱ्हाईक हाय, काहीतरी कमी करा." शेठ घसा खाकरत "बघू, बघू" म्हणाले. विहीणबाईंनी बऱ्याच साड्या पाहिल्या. प्रत्येकीची किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. शेवटी मोठ्या काठाची जांभळी निवडली. ढिगातली सर्वांत महाग तीच होती. मला त्यांचा राग आला. किती हावरट बाई, असं मी मनात म्हटलं.

"आत्ताच नेऊ का? ब्लाउज शिवायला टाकते," विहीणबाई म्हणाल्या.

"न्या की. शेठ, बांधा."

शेठनी साडी खोक्यात घातली. पैशांचं काही निघायच्या आत मावशी "माझं खातं हाय यांच्याकडं" म्हणाल्या, चप्पल पायात घातली आणि विहीणबाईंबरोबर निघून गेल्या. गिऱ्हाइकाने जायचंच असतं. शेठ आणि मी एकमेकांकडे न बघता उरलेल्या साड्यांच्या घड्या घालत राहिलो. त्या दिवशी मावशी परत आल्या नाहीत. परत येऊन कोणाला तोंड दाखवायचं असेल त्यांनी? आम्हालाच, ज्यांनी त्यांना तिथे बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या आणि एप्रन घालून उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "हे बघ, ते दुकानाच्या कामात झालं. निम्मं मी सोसतो."

"नको शेठ. घेतली ती घेतली. पगारातनं कापा."

"बरं, मग आज बसतेस का?"

"न्हाय. माझी खरेदी झाली."

शेठनी पुन्हा कोणालाच बसायला सांगितलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मावशी नवा माल लावायला माळ्यावर चढल्या होत्या. माळा म्हणजे गल्ल्याच्या डोक्यावरच फळ्या ठोकून केलेली जागा. दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या. हातात आमच्याच दुकानाची पिशवी.

"शेठ, एक विनंती होती. ही साडी परत घ्याल का? घडी मोडलेली नाही."

शेठनी बोटाने भिंतीवरची पाटी दाखवली. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"वाचलं मी."

"फार तर बदलून देतो. आमच्या दुकानात यंदा नुसती अदलाबदलच चाललीय."

"बदलून नको. पैसे मिळाले तर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण दुकान इतकं रिकामं होतं की आवाज खाली आणून काही उपयोग नव्हता. "मुलाला कामावरून कमी केलंय हो. दोन महिने झाले. सकाळी डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी येतो, कुठे बसतो देव जाणे. सुनेच्या माहेरी सांगितलेलं नाही. तीच नको म्हणते, आईच्या घशाखाली घास उतरणार नाही म्हणते. विहीणबाई तुमच्याकडे येत असतात. त्यांना एवढं कळू देऊ नका."

वर माळ्यावर एक फळी करकरली. शेठ मोठ्याने खोकले, मग आणखी एकदा. पाटीकडे पुन्हा न बघता त्यांनी गल्ला उघडला आणि पैसे दिले. विहीणबाईंनी ते न मोजता पर्समध्ये टाकले. ज्यांना मी हावरट म्हटलं होतं त्यांच्या पदराला रफू केलेलं होतं, आणि रफू दिसू नये म्हणून त्यांनी तो हाताशी धरून ठेवला होता. मी दार उघडून धरलं. दुसरं काही करण्यासारखं मला सुचलं नाही.

मावशी खाली आल्या नाहीत. शेठनी मला खुणेनेच वर जायला सांगितलं. खोक्यांच्या मागे त्या पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

"गेल्या?"

"हो."

"काय नेसल्या व्हत्या?"

"सिल्कची होती," मी म्हटलं. "नवीनच असावी."

"कंच्या रंगाची?"

मला रंग सुचेना. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान वळवली. मला घराची आठवण झाली. आमच्याकडेही रोज जेवताना असंच चालायचं, प्रत्येकजण दुसऱ्याच्या पानात बघायचा आणि नंतर भूक नाही म्हणायचा.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. लेकीचा होता. त्यांनी एकदा डोळे पुसले, घसा साफ केला आणि गिऱ्हाइकाशी बोलताना लावायच्या तोच मोठा आवाज लावला.

"बोल गं... व्हय, घरीच हाय, शिवत बसलीय... आवडली ना साडी सासूबाईंना?... पाडव्याला नेसणारेत? बरं झालं. शोभंल त्यांना जांभळी... आणि जावईबापू? कामावर गेलेत?"

पलीकडून लेक बराच वेळ काहीतरी सांगत होती. मावशी ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, जणू ती समोरच बसली होती.

"व्हय गं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "दिवाळीत कंपनीत लई काम असतं."