भागूआत्याने लॅपटॉप पारखला

आंबेनळी घाटातल्या आमच्या वाडीत कुणी म्हैस घ्यायला निघालं की आधी भागूआत्याला बोलावतं. २००८ साली मला गेमिंग लॅपटॉप हवा होता. किंमत नव्वद हजार, पैसे आत्याचे. म्हणून ती स्वतः महाडच्या दुकानात आली. मी अभ्यासाचं कारण सांगितलं होतं, अगदी निर्लज्जपणे.

दुकानदाराने गेम लावला. आत्याने लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला.

"तापलाय रे ह्यो!"

"ताकद आहे ना त्यात, मावशी."

"ताकद रेड्यालापन असते. दूध काढतोस काय त्याचं?"

आणि ती सरळ काउंटरच्या मागे गेली. म्हैस घेतानाही ती विकणाऱ्याने स्वतःसाठी काय राखलंय ते आधी बघते. तिथे पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर होता. दुकानाची बिलं त्यावरच व्हायची.

"ह्यो केवढ्याला?"

"तो विकायचा नाही, मावशी. नऊ वर्षांत एकदाही बंद पडला नाही."

आत्याने पैशांची पिशवी कमरेला खोचली.

"म्हंजे दुभती घरात ठेवलीस, नि आमाला रेडा दाखवतोस." मग तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नको रे बाबा. एक हाय माझ्याकडं."