डोळे मिटून कोरलेला डबा

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतार शिसव कापतोय. त्या वासाने मला फरीदाबादचा, यंत्रावर लाकूड फिरवून घडवणारा कातारी आठवला.

नव्या सेक्टरच्या रस्त्यासाठी आमच्या क्वार्टरपुढचं शिसवाचं झाड पाडलं, तेव्हा मी एक ओंडका उचलून आणला आणि दोन वर्षं सावलीत वाळवला. लेकीच्या रुखवतात त्याचा डबा ठेवायचा होता. लग्न आठवड्यावर आलं होतं आणि दुसरा ओंडका नव्हता. तोच घेऊन मी कातारीकडे गेले.

बाहेरचा आकार देऊन झाल्यावर कातारी आतून कोरायला लागला. हात जेमतेम जाईल एवढं तोंड, त्यातून लांब हत्यार आत घातलेलं, डबा गरगर फिरतोय आणि या माणसाचे डोळे मिटलेले!

"अरे भैया, आँखें खोलो! एक ही लकड़ी है मेरे पास."

"अंदर दिखता कहाँ है, माताजी? सुनने दीजिए."

मीही कान देऊन ऐकू लागले. लाकडाचा घोगरा आवाज हळूहळू बारीक होत गेला, आणि एका क्षणी त्याने यंत्र थांबवलं. मी आत बोटं, बाहेर अंगठा धरून डबा चाचपला. जाडी कुठेही कमीजास्त नव्हती. तेव्हा वाटलं, नशीब माझं. आता कळतं, त्यात नशिबाचं काही नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "बाकीचं रुखवत नसलं तरी चालेल."