गाडीचं तोंड

ज्याने उभा जन्म सहलीच्या बसेस हाकल्या, त्याला सहलीला नेणं म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या हातचं जेवायला बसवणं. घास तोंडात, कान स्वयंपाकघरात. वस्तादांचं सकाळपासून तेच चाललं होतं. त्यांनी स्टेअरिंग सोडलं होतं गेल्या वर्षी, पण उजव्या पायाला ती बातमी अजून कळली नव्हती. वळण आलं की तो पाय पुढच्या सीटखालची जमीन दाबत होता.

"अहो, तिथे ब्रेक नाहीये," वस्तादीणबाई म्हणाल्या. डेपोतली मंडळी वस्तादांच्या बायकोला याच नावाने ओळखत.

"माहितीये गं."

"मग दाबता कशाला? ती माझी पिशवी आहे. आत केळी आहेत."

नवऱ्याला ड्रायव्हरपासून लांब ठेवायचं म्हणून बाईंनी मुद्दाम अगदी मागची सीट घेतली होती. निघण्याआधी अट घातली होती ती वेगळीच. "मला डोंगर नको, तळं नको, बाजार तर नकोच नको. एक सूर्यास्त बघायचाय. अख्खा. आणि तुम्ही शेजारी. मध्ये उठायचं नाही."

"एवढंच ना?" वस्ताद म्हणाले होते. एखादा माणूस पोहता येत नसताना विहिरीकडे बघून म्हणतो, तसं.

कारण वस्तादांनी हजारो लोकांना सूर्यास्त दाखवले होते, पण स्वतः एकही अख्खा पाहिला नव्हता. टेकडीवर सूर्य टेकायला लागला की खाली पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोकांची खरी घाई सुरू होते. माणसं वर असतानाच गाडी वळवून तिचं तोंड बाहेर करून ठेवायचं. सूर्य बुडाला की सगळे एकदम खाली येतात, आणि ज्याच्या गाडीचं तोंड आत, तो घरी उद्या पोचतो. त्यामुळे वस्तादांचं प्रवासवर्णन निराळं होतं. तळ्याचं ठिकाण म्हणजे 'उतार वाईट, चाकाखाली दगड लावावा लागतो.' जुना किल्ला म्हणजे 'सावली छान.' माणसांचे स्वभाव ते हॉर्नवरून ओळखत. एका गावात हॉर्न दिला की लोक रागावतात, दुसऱ्या गावात वळून हसतात, आणि तिसऱ्या गावात म्हशीसुद्धा ढिम्म हलत नाहीत.

टेकडीवर बाईंनी बाक पटकावला. शेजारच्या मावशी, "अगदी कॅलेंडरमधल्यासारखं!" असं प्रत्येक झाडाला म्हणत होत्या. समोर तळं, पलीकडे मोठा डोंगर, डोंगराच्या खांद्यावर सूर्य. वस्ताद हाताची घडी घालून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे बसले.

"कसं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

"छान आहे. पण हलत नाहीये."

"हलेल. धीर धरा."

सूर्याची कड डोंगराला टेकली आणि नेमकी तेव्हाच वस्तादांची नजर खाली गेली. बाकीच्या सगळ्या बसेस वळून उभ्या होत्या. त्यांची बस मात्र भिंतीला नाक लावून. नवा ड्रायव्हर चहाच्या टपरीपाशी फोनवर हसत होता.

वस्तादांनी नजर सूर्याकडे वळवली. ती घसरून परत खाली गेली. गुडघा हलायला लागला.

"अगं, दोन मिनिटं..."

"अहो!"

पण तोवर वस्ताद अर्ध्या पायऱ्या उतरले होते. "फोन ठेव आधी!" असं ओरडतच ते गाडीमागे उभे राहिले आणि हात हलवायला लागले. "येऊ दे... येऊ दे... डावी मार... बास!" त्यांनी पत्र्यावर थाप मारली. त्याच क्षणी वरून टाळ्या ऐकू आल्या. सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात, हे वस्तादांना माहीत होतं. त्या टाळ्यांवरूनच तर ते इतकी वर्षं इंजिन सुरू करत आले होते. आज मात्र थाप मारलेला हात पत्र्यावर तसाच राहिला.

बाई सावकाश उतरून आल्या.

"झालं तोंड बाहेर?"

"झालं."

"छान."

त्या 'छान'पेक्षा घाटात पंक्चर झालेलं परवडलं असतं.

बस सगळ्यांच्या आधी निघाली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला होता. बाई खिडकीकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वस्ताद चुळबुळत होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ते ताडकन उठले.

"चल, पुढे चल."

"चालत्या गाडीत? मला पाडायचंय का आता?"

"माझा हात धर. लवकर!"

दाराजवळच्या बाकावर त्यांनी बाईंना बसवलं. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. "काका, आता काय चुकलं?"

"काही नाही रे बाबा. पुढचं वळण सावकाश घे. आणि तो डावा आरसा थोडा वेळ काकूंना दे."

रस्ता डोंगराला वळसा घालून पलीकडे आला. ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, तो सूर्य डोंगराच्या या बाजूला अजून होता. गाडीच्या मागे, ताटलीएवढ्या आरशात, लालभडक. त्याखाली, डोंगरामागेही वळून आलेल्या तळ्याचा एक तुकडा, तोही पेटलेला.

"हा इथे असतो," वस्ताद हळूच म्हणाले. "मी आरशात बघितलाय. पण निम्माच. वळणावर रस्ताही बघावा लागतो ना."

बाई बाकावर सरकल्या. वस्ताद शेजारी बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा गुडघा थांबला. आरशात बघत बसायचं म्हटलं की त्या माणसाला कसलंच ओझं नव्हतं. सूर्य चपटा झाला, रेघ झाला, गेला.

"चला," बाई म्हणाल्या. "एकदा तुमच्याशिवाय मावळला, एकदा तुमच्यासकट."

"फिटली ना अट?"

"तोंड वळवायला गेला नसतात तर एकदाच बघावा लागला असता." त्या हसल्या, आणि तेवढ्यात समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक लावायच्या आधीच बाईंचा उजवा पाय जमिनीवर आपटला.

वस्तादांनी तो पाहिला. बाईंच्या पायाशी ठेवलेली केळ्यांची पिशवी उचलून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली.