साडूच्या घराचा भाव

१२ जानेवारी २०२५, रविवार, दुपारची वेळ. इसाराची रक्कम एक लाख रुपये, चेकने. हजर : मी, माझी बायको, घर घेणारे शिक्षक आणि त्यांची पत्नी, एजंट, आणि माझा साडू. साडूला कोणी बोलावलं नव्हतं. तो लातूरहून नांदेडला एका साखरपुड्याला आला होता आणि ‘सहज डोकावलो’ म्हणत सोफ्याच्या मधोमध बसला होता.

विकायचं होतं ते आमचं नांदेडचं घर. तीस बाय चाळीसचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर दोन. साडूचं घर याच गल्लीत, चार घरं सोडून होतं. प्लॉट तेवढाच, बांधकाम माझ्यानंतर एका वर्षाने सुरू केलेलं, आणि वर एकच खोली. दोन वर्षांपूर्वी त्याने ते विकलं आणि लातूरला मोठं घर घेतलं. विकलं तेव्हापासून बायकोच्या माहेरच्या माणसांत एक आकडा फिरत होता : एकेचाळीस लाख. बारसं असो की तेरवी, जेवणं झाली की साडू कुणाला तरी तो सांगायचाच. सांगताना माझ्याकडे बघायचा नाही. पण मी जवळ असेपर्यंत थांबायचा.

मी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. आकडा ऐकला की तपासून बघायचा, ही सवय. त्याचं बांधकाम किती फूट, माझं किती, वीट कोणाची, लोखंड कोणतं, हे सगळं मांडून पाहिलं. त्याचं घर एकेचाळीसला जात असेल तर माझं सव्वा एकेचाळीसच्या खाली जाताच कामा नये. हा हिशोब मी एकदाच केला असता तर गोष्ट वेगळी होती.

माझी बदली लातूरला झाली आणि घर विकायचा विषय निघाला. माझ्यापुरतं बोलायचं तर मी लातूरला भाड्याने खोली घेऊन राहिलो असतो. पण माझ्या सासूबाई साडूकडे असतात. वर्षभरात त्यांना दिसायला फार कमी झालंय. बायकोला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण बहिणीच्या घरात पाहुणी म्हणून नाही. साडूच्या मागच्या गल्लीत तिने एक रो-हाऊस पाहून ठेवलं होतं. त्याचा मालक म्हणाला, जानेवारी संपेपर्यंत थांबतो, पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. नांदेडचं विकल्याशिवाय लातूरचं घेणं आम्हाला शक्य नव्हतं. तिने मला याबद्दल एकदाच सांगितलं. मग त्या घराच्या खिडक्यांची मापं घेऊन आली, पडद्यांसाठी.

आधी मी एजंट न घेता विकायचं ठरवलं. गेटला पाटी लावली : ‘घर विकणे आहे. मालकाकडून थेट. एजंटांनी येऊ नये.’ लोक आले. मी त्यांना घर दाखवलं आणि घराबद्दल जे खरं ते सगळं सांगितलं. उत्तरेच्या भिंतीला ओल येते. बोअरचं पाणी मे महिन्यात दमतं. दार दक्षिणेला आहे. लोक मान हलवायचे, ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. असे सात महिने गेले.

“अहो, तुम्ही घर विकून राहिले की घराची तक्रार करून राहिले?” बायको एक दिवस म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने एजंटला फोन केला. तोच, साडूचं घर विकणारा. बहिणीकडून नंबर घेतला होता. संध्याकाळी साडूचा फोन आला. “माझा माणूस हाय तो, साडूभाऊ. माझं नाव सांगा, कमी घेईल.” मी ठरवून टाकलं की त्याचं नाव सांगायचं नाही आणि दलाली पूर्ण द्यायची.

एजंट चाळिशीचा, कंधार तालुक्यातल्या गावचा. वडील बैलबाजारात दलाली करायचे, हे त्याने आल्या आल्या स्वतःच सांगितलं. “ते बैलाचे दात बघायचे, मी घराचे कागद बघतो.” बसा म्हटलं तर बसला नाही. आधी गच्चीवर जाऊन टाकीत वाकून पाहिलं. खाली आला आणि मला सोडून बायकोला विचारलं, “वहिनी, दुपारी गार कुठं वाटतं?” तिने जिन्याखालची जागा दाखवली. तिथे बसून ती शेंगा फोडते, भाजी निवडते, म्हणाली. ते मला माहीत होतं, पण ती जागा गार असते म्हणून ती तिथे बसते, हे माहीत नव्हतं. एका परक्या माणसाने दोन मिनिटांत ते काढून घेतलं, याचा मला राग आला.

मग त्याने फाइल मागितली. माझी फाइल सालवार लावलेली असते. त्याने चाळली आणि गुंठेवारीच्या कागदावर बोट ठेवलं. गुंठेवारीत पाडलेला प्लॉट महापालिकेकडून नियमित करून घ्यावा लागतो. मी पैसे भरले होते, पावती होती, पण प्रमाणपत्र उचललंच नव्हतं.

“घेणारा कर्ज काढणार, साहेब. बँक भिंत बघत न्हाई, हे बघते.”

“आणि ओल?” मी विचारलं. “ती मी सांगणार. लपवून विकणार नाही.”

“सांगा की. पण बुजवून सांगा.”

मी चार चकरा मारून प्रमाणपत्र आणलं. भिंतीचं काम करून घेतलं, त्याचं बिल फाइलला लावलं. भावाचं विचारलं तर तो म्हणाला, बेचाळीस सांगू, एकोणचाळीस-चाळीसच्या मधे कुठंतरी जमेल.

“साडूचं एकेचाळीसला गेलं,” मी म्हणालो.

यावर तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. “त्यांचं दार पूर्वेला होतं. तुमचं दक्षिणेला. आपल्याला दिशा न मानणारं गिऱ्हाईक पाहिजे.”

महिन्याभरात त्याने ते आणलं. नवरा-बायको दोघंही शिक्षक. त्यांनी दार कुठे आहे ते विचारलंच नाही. बाईंनी भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं, बोअर चालू करून बादली भरेपर्यंत उभ्या राहिल्या. मी ओलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, बिल दाखवा. मी दाखवलं. ही माणसं मला आवडली. ते अडतीसपासून एकोणचाळीसवर आले. मी सव्वा एकेचाळीसवरून हललो नाही.

“सव्वा एकेचाळीस कुठून आले, साहेब?” एजंटने मला बाहेर नेऊन विचारलं.

“हिशोबाने.”

“कोणाच्या?”

शेवटचं म्हणून त्याने त्या रविवारी सगळ्यांना बसवलं, आणि नेमका साडू आला.

“बोला, कुठवर आलंय?” साडूने बसल्या बसल्या विचारलं. “माझं तर एका बैठकीत झालं होतं.”

शिक्षक म्हणाले, “आम्ही एकोणचाळीस म्हणतोय.”

“एकोणचाळीस?” साडू हसला. “या गल्लीत? असू द्या, दक्षिणेचं हाय म्हणा.”

मी मोठ्याने सांगितलं, “सव्वा एकेचाळीस. एक रुपया कमी नाही.”

शिक्षकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांच्या पत्नीने पर्स उचलली. चहाचा ट्रे घेऊन बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे आली नाही, मागे गेली नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. ट्रेमधल्या कपांकडे बघत होती.

एजंट म्हणाला, “वहिनी, एक टॉवेल द्या. कोरडा.”

तिने ट्रे ठेवला आणि टॉवेल आणला. त्याने तो आपल्या हातावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बैलबाजारात असंच चालतं. पस्तीस लाख आधीच धरलेत. एक बोट म्हणजे एक लाख, अर्धं बोट म्हणजे पन्नास हजार. तोंडानं कोणी बोलायचं न्हाई.”

“घर हाय की गोऱ्हा?” साडू म्हणाला.

“तुम्ही चहा घ्या, मालक.”

आधी तो शिक्षकांजवळ बसला. टॉवेलाखाली दोघांचे हात हलले. शिक्षकांनी पत्नीकडे पाहिलं, तिने मान हलवली, परत हात हलले. मग तो माझ्याकडे सरकला. टॉवेलाखाली त्याचा हात गरम आणि खरखरीत होता. त्याने माझी चार बोटं धरली आणि पाचव्याच्या मधल्या पेरावर दाबलं. साडेएकोणचाळीस. मी नकाराची मान हलवली आणि त्याची पाचही बोटं धरून आणखी एक धरू लागलो. त्याने माझा हात हळूच उघडला आणि पुन्हा तेच धरलं. चार आणि अर्धं. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

साडू पुढे वाकला होता. टॉवेलाकडे बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं. मला त्या क्षणी पहिल्यांदा बरं वाटलं. इतके महिने मी ज्या आकड्यासाठी अडून बसलो होतो, तो शिक्षकांना सांगण्यासाठी नव्हता, या माणसाला ऐकवण्यासाठी होता. आणि आता तो ऐकूच शकत नव्हता.

मी चार बोटं आणि अर्धं दाबलं.

एजंटने टॉवेल काढला, घडी केली. “जमलं. वहिनी, चहा आणा आता.”

“कितीला?” साडूने विचारलं.

“टॉवेलात विचारा.”

शिक्षकांनी एक लाखाचा चेक तिथेच लिहिला. इसारपावतीचा मजकूर दुसऱ्या दिवशी स्टँपपेपरवर झाला, तेव्हा साडू लातूरला पोचला होता. निघताना दारात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एकेचाळीसच्या खाली दिलं नसणारच तुम्ही.”

“दक्षिणेचं घर आहे,” मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

त्याच आठवड्यात बायकोने लातूरच्या घराचा इसार दिला. एजंट सोबत आला होता. कॉलनीच्या बोअरला पाणी किती असतं ते मालकाला न विचारता त्याने शेजारच्या दोन घरांत विचारलं आणि त्यावरून मालकाकडून चाळीस हजार कमी करून घेतले. सासूबाई बायकोच्या हाताला धरून त्या रिकाम्या घरात फिरल्या. प्रत्येक खिडकीपाशी त्या विचारायच्या, ही कोणत्या बाजूला उघडते.

नांदेडची रजिस्ट्री फेब्रुवारीत झाली. पूर्ण रक्कम कागदावर, रोख एक रुपया नाही, ही माझी अट होती. निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बाकावर नंबरची वाट बघत असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. माझा भाव टॉवेलात राहिला म्हणून मी हवं ते सांगू शकतो. साडूचाही सौदा याच माणसाने केला होता.

“त्यांचं तोंडी झालं होतं की टॉवेलात?” मी विचारलं.

“कोणाचं, साहेब?”

“तुम्हाला माहीत आहे कोणाचं.”

“लई जुनी गोष्ट झाली. टॉवेल धुवायला टाकला.”

“एकेचाळीस खरं की नाही, एवढं सांगा.”

“उद्या ते तुमचं विचारतील. त्यांना सांगू?”

खरेदीखत सरकारी दफ्तरात असतं, पैसे भरून कुणालाही नक्कल काढता येते. साडूचीही काढता येईल. पण कागदावर किती आणि हातात किती, हे त्या नकलेवरून कळेलच असं नाही. म्हणून मी अजून काढलेली नाही. त्याने माझी काढली की नाही, तेही मला माहीत नाही. आता आम्ही लातूरला, त्याच्या मागच्या गल्लीत राहतो. बायको रोज दुपारी आईकडे जाते. मी आठवड्यातून एकदा जातो, आणि जेवताना त्याने तो आकडा काढला की वरण मागून घेतो.

रजिस्ट्री संपल्यावर कार्यालयाच्या पायरीवर मी दलालीचा चेक लिहिला. साडूने एक टक्का दिला होता की कमी, हेही विचारलं. एजंट म्हणाला, “तुमचा एक टक्का हाय, साहेब.” साडेएकोणचाळीस लाखांवर एक टक्का. एकोणचाळीस हजार पाचशे रुपये, एजंटला दिले.