रोह्याच्या रस्त्यावर लागणारा दिवा

“काका, परत लागला.”

फोनवर वैशाली होती. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे गाडी कडेला घेऊन बोलत होती.

“कुठे आहेस?”

“नागोठण्याच्या पुढं. भिसे खिंड अजून यायचीय.”

“खाली उतरून चाकं बघितलीस?”

“बघितली. चारी ठीक दिसतायत. पण दिवा काय जात नाय. घरी आता काय सांगू?”

मी म्हटलं, हळू जा, येताना दुकानावरून ये. फोन ठेवला. आदल्याच आठवड्यात मी त्या गाडीचा एक सेन्सर बदलला होता आणि “आता हा दिवा तुला दिसायचा नाही” असं छातीठोकपणे सांगितलं होतं. छातीठोकपणे बोलणं हा माझा स्वभाव नाही. एकदा बोललो, तर हे असं.

पेणला रामवाडीत आमचं टायरचं दुकान आहे. टायर विक्री, व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग. हे दुकान आम्ही दोघा भावांनी चालवलं. दादा काउंटरवर बसायचा आणि बोलायचा, मी आत मशीनवर असायचो आणि बोलायचो नाही. जेवणाच्या सुट्टीत तो झोपायचा, मी वाचायचो. गेल्या पौषात दादा गेला. तेव्हापासून काउंटरही माझ्याकडे आला. मी कमी बोलतो म्हणून गिऱ्हाइकांना वाटतं, मी रागावलोय. मला फक्त पुढचं वाक्य सापडत नसतं.

तर, हा दिवा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या वॉल्व्हला जोडून, एक छोटा सेन्सर असतो. टायरमध्ये हवा किती आहे ते तो गाडीला कळवत राहतो. हवा ठरल्यापेक्षा बरीच खाली गेली की स्पीडोमीटरपाशी पिवळं चित्र उमटतं. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. कारणं सहसा साधी असतात: बारीक पंक्चर, गळका वॉल्व्ह, खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, किंवा सेन्सरचीच संपलेली बॅटरी.

वैशालीच्या सासऱ्यांचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कारखाना म्हटलं की धूर आणि भोंगा कोणी डोळ्यांसमोर आणत नाही. मूर्ती आणि ओले रंगच येतात. हा कारखाना शाडूच्या मूर्तींचा. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. नवरा महेश पूर्वी टेम्पोतून माल पोचवायचा. आता तो कारखान्याची मोठी गिऱ्हाइकं सांभाळतो. टेम्पो विकून त्यांनी मागे भरपूर जागा असलेली गाडी घेतली आणि ती चालवायला वैशाली शिकली. चाळिशी उलटल्यावर, घरच्यांच्या मागे लागून. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातलं एक दुकान तिनं स्वतः जाऊन मिळवलं होतं. तिथला माल तीच पोचवायची, शेजारी तात्यांना बसवून.

आणि नेमका त्याच फेरीला दिवा लागायचा.

महेशचं निदान तयार होतं. मला दुकानात येऊन म्हणाला, “भाऊ, सेन्सर-बिन्सर काय नाय. तिला खड्डा चुकवता येत नाय. रिमा ठोकल्यात तिनं.”

“रिमा मी बॅलन्सिंगला लावून बघितल्या. गोल आहेत.”

“मग दिवा उगाच लागतो? मी इतकी वर्षं टेम्पो चालवला त्याच रस्त्यावर. कधी काय झालं?”

वैशाली बाजूलाच उभी होती. म्हणाली, “टेम्पोचं दार दोरीनं बांधलेलं असायचं. ते नाय आठवत?”

“दोरीनं का होईना, माल पोचत होता. भाऊ, सीझन तोंडावर आलाय. आता परत दिवा लागला, तर वडखळचा एक ड्रायव्हर बघून ठेवलाय. चावी त्याच्याकडे.”

महेश गेल्यावर वैशाली मला म्हणाली, “काका, एकदा ड्रायव्हर आला ना, की मी परत कारखान्यात पॅकिंगला. चावी काय परत मिळायची नाय.”

हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

त्या दिवशी रोह्याहून परतताना ती दुकानात आली तेव्हा दिवा विझलेला होता. गेज लावला. चारही चाकांत हवा तेहतीस, जेवढी असायला हवी तेवढी. साबणाचं पाणी मारून वॉल्व्ह पाहिले, बुडबुडा नाही. चाकं उतरवून पाण्याच्या टाकीत बुडवली, काही नाही. गाडी दुकानात ठेवून घेतली. हवा जशीच्या तशी. बाजारात फिरवली, हमरापूरपर्यंत नेऊन आणली. दिवा गप्प. गळका टायर गळतो, तो पेणमध्ये गळायचा आणि रोह्याला जाऊन आपोआप भरायचा असं करत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात आपोआप फुगणारा टायर मी पाहिलेला नव्हता.

अशा वेळी दादा काय करायचा ते मला माहीत होतं. तो गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून त्याच्याबरोबर जायचा. वाटेत वडे खायचा, गिऱ्हाइकाची सोयरीकसुद्धा जमवून यायचा, आणि गाडीचं दुखणंही शोधायचा. मला परक्याच्या गाडीत तासभर बोलायचं म्हणजे संकट वाटतं. पण आता दुसरं कोण जाणार? पुढच्या फेरीला मी येतो, असं वैशालीला सांगितलं.

सकाळी स्कॅनर घेऊन कारखान्यावर पोचलो. स्कॅनर म्हणजे मोबाइलपेक्षा थोडं मोठं यंत्र. ते प्रत्येक सेन्सर काय सांगतोय ते दाखवतं. गाडी दारात उलटी लावलेली होती. वैशाली आत मूर्तींना कागद गुंडाळत होती. मी गाडीला वळसा घातला, तर पलीकडच्या बाजूनं फुस्स आवाज आला.

तात्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात मूर्तीचे दागिने कोरायची कोरणी. तिचं टोक वॉल्व्हच्या पिनेवर दाबलेलं.

“तात्या, काय करताय?”

“दिसत नाय? हवा सोडतोय.”

“का?”

“आता गणपती बसायचेत ना गाडीत.” एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टायरमध्ये अंगठा रुतवून पाहिला, शाडूचा गोळा मळून झाला का ते बघावं तसा. “झाली. पुढची दोन आधीच झालीत.”

“दर वेळेला सोडता?”

“माल असला की. रिकाम्या गाडीची सोडून काय करू? टणक चाक खड्ड्यात आपटलं की मूर्तीचं बोट जातं, कान जातो. हवा कमी असली की गाडी कशी होडीसारखी जाते.”

“आणि परत भरता कुठे?”

“अष्टमीला. दुकानाच्या शेजारीच पंक्चरवाला हाय. ही आत बोलत बसते, तवर त्याचा पाइप ओढून घेतो.”

“घरी कधी सांगितलं नाहीत?”

“हवा सोडल्याचं? उद्या म्हणशील, तंबाखू मळली ते पन सांगा.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. “तात्या, तो पिवळा दिवा यामुळेच लागतो. सेन्सर चाकात असतो. हवा मोजतो.”

तात्यांनी चाकाकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. “तो हिकडं असतो? मी समजत होतो, विंजिनातलं काय तरी वायरचं भांडण हाय.”

घरात महिनाभर ‘सेन्सरचा प्रॉब्लेम’ असं चाललं होतं. तो हवेचा आहे, हे तात्यांसमोर कोणी उच्चारलंच नव्हतं. दिसायलाही काही कळत नाही. आजकालचे टायर पुरेशा हवेतही खाली थोडे फुगलेले दिसतात. त्यातली तिसरा हिस्सा हवा गेली तरी नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही.

वैशाली एक मूर्ती पोटाशी धरून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तात्या! अहो, माझी चावी जायची वेळ आलीय!”

“तुझी? कोन काढतोय?”

“तुमचा लेक!”

“त्याला काय कळतंय गाडीतलं,” तात्या म्हणाले.

ती हसत होती, पण मूर्ती खाली ठेवून आधी पायरीवर बसली. मला वाटलं, काम झालं. पण मी पंप आणायला निघालो तसे तात्या आडवे आले.

“हवा भरायची नाय. भरलीस तर माल जायचा नाय. वडखळला पोचेस्तवर सोंड हातात येईल माझ्या.”

मी समजावलं. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, दुमडून दुमडून तापते. वर मालाचं वजन, खाली तापलेला रस्ता. एखाद्या दिवशी टायर फुटेल. “आणि स्टिअरिंगवर ही असेल,” मी म्हटलं.

तात्यांनी वैशालीकडे बघितलं. मग म्हणाले, “ते खरं. पन मूर्ती कशी न्यायची ते सांग.”

हा प्रश्न रास्त होता. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. नुसती वाळलेली माती ती. हवेचा नियम मला माहीत होता, तिला धक्का का सोसत नाही ते त्यांना माहीत होतं, आणि गाडी एकच होती.

मग मला दुकानातल्या जुन्या ट्यूब आठवल्या. ट्रकच्या. पोरं पोहायला नेतात त्या. मूर्तीखाली हवाच हवी असेल तर ती टायरमधून काढायची कशाला? मी स्कूटरवरून जाऊन दोन ट्यूब आणि पायपंप घेऊन आलो. ट्यूब अर्धवट फुगवून मागे आडव्या टाकल्या, वर प्लायवूड, त्यावर गोधडी, भोवती पेंढा. तात्या प्रत्येक वेळी अंगठा रुतवून बघत होते.

“थोडी काढ. अजून. हां, एवढी नको, आता घाल.”

“तात्या, त्यांना दुकान पण उघडायचंय,” वैशाली म्हणाली.

“दुकान कुठं पळून जातंय? माझा गणपती पळेल.”

शेवटी मूर्ती बसल्या, तात्यांनी त्या दोरीनं बांधल्या. चारही टायरमध्ये तेहतीस हवा भरून आम्ही निघालो. तात्या मागच्या सीटवर उलटे, गुडघ्यांवर, मूर्तींकडे तोंड करून. मी पुढे, मांडीवर स्कॅनर. त्याच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वैशालीचं चालवणं बघितलं. खड्डा आला की ती आधीच वेग कमी करत होती आणि गाडी जराशी तिरकी घालत होती, म्हणजे दोन्ही चाकं एकदम आपटू नयेत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मागे तात्या “हळू गो, हळू” करत होते; नागोठणं गेल्यावर तेही थांबले. खिंड चढलो, उतरलो. दिवा लागला नाही.

अष्टमीला कागद सोडले. बोटं, कान, सोंडा सगळं जागेवर. एका मूर्तीच्या हातातल्या कड्यावरचा सोनेरी रंग घासून गेला होता. तात्यांनी खिशातून ब्रश काढला आणि तिथंच बसून तो लावून टाकला. म्हणाले, “ही हवेची चूक नाय. माझ्या दोरीची.”

परत आलो तर महेश माझ्याच दुकानात वाट बघत उभा.

“काय निघालं भाऊ?”

मी वाक्य जुळवायला लागलो. बापाचं नाव लेकापुढे कसं घ्यायचं, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं आठवेना. वैशाली गाडीतल्या तात्यांकडे बघत उभी राहिली. त्यांनी स्वतःच सांगावं म्हणून, हे मला नंतर कळलं.

तात्या सावकाश गाडीतून उतरले. “हवा मी सोडीत होतो,” ते म्हणाले. “मूर्तींसाठी. तिच्या चालवण्यात खोट नाय.”

“तुम्ही? कधीपासून?”

“तू टेम्पो चालवायचास तवापासून.”

मला तो टेम्पो आठवला. त्या टेम्पोचे टायर दोन्ही कडांना झिजून यायचे, आणि कडा झिजणं ही कमी हवेची खूण. दादा त्याला दर वेळी सांगायचा, “महेश, हवा बघत जा रे.” महेश भांडायचा, “मी रोज सकाळी बघतो, तुमचा मालच वाईट.” दोघंही खरं बोलत होते. हे दादाला सांगायला हवं होतं. दिवसभर हसला असता, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं.

“मग बोललात का नाय मला?” महेशनं विचारलं.

“तू इचारलंस कवा? टायरवाल्याशी भांडायला जायचास.”

महेशनं मोबाइल काढला. “वडखळवाल्याला नको म्हणून सांगतो.”

“सांगितलं मी,” वैशाली म्हणाली. “सकाळीच. कारखान्यावरून निघताना.”

चावी तिच्या हातातच होती. तात्यांना पुढच्या सीटवर बसवून ती निघून गेली, आणि महेश मोटरसायकलला किक मारून मागोमाग. गौरी-गणपतीपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या तिनंच केल्या. ट्यूब अजून त्यांच्याकडेच आहेत.

तेव्हापासून असा दिवा घेऊन कोणी आलं की मी स्कॅनर लावण्याआधी विचारतो, गाडीत काय नेता आणि माल भरतं कोण. एवढं बोलणं आता मला जमतं. बाकी महेशनं त्याच रस्त्यावर, तितक्याच कमी हवेवर, वर्षानुवर्षं टेम्पो चालवला आणि घरात एक नंबरचा ड्रायव्हर म्हणून नाव कमावलं. टेम्पोला दिवा नव्हता.