कचरूनानांनी साखरेचा चोर शोधला

पडेगावच्या कचरूनानांनी तीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली. झोपेचं सोंग कुणी घेतलंय, उगाच खिडकीबाहेर कोण बघतंय, हे त्यांना बसच्या पायरीवरूनच कळायचं. नोकरी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही.

साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर साखर मोजणारी रुपयाएवढी चकती चिकटवली. चौदा दिवस मोबाइलवर आकडा बघायचा आणि काय खाल्ल्यानं साखर चढते ते ओळखायचं.

नाना त्याच दिवशी लॅबमध्ये बोट टोचून आले. चकतीच्या आणि लॅबच्या आकड्यात पंधराचा फरक निघाला.

"बघा, खोटं बोलतंय हे!"

"नाना, एवढा फरक असतोच," डॉक्टर म्हणाले. "एकच आकडा धरून बसू नका. चढउतार बघा."

यंत्रावरचा संशय सुटला आणि आळ घरात आला. रोज सकाळच्या चहानंतर आकडा पावणेदोनशेला टेकायचा.

"गोजर, माझ्या चहात साखर घालतीस का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाय."

"मग मशीन येडं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी नाना ओट्याशी पहारा देत उभे राहिले. गोजरबाईंनी साखरेचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला. "घ्या, ठेवा तुमच्या ताब्यात."

तरी आकडा चढलाच.

पुढच्या सकाळी चहाबरोबरची रोजची खारी संपली होती. नाना नुसता चहा प्याले आणि आकडा जागचा हलेना. त्यांनी मुद्दाम खारी आणली, रोजच्यासारख्या चार बुडवून खाल्ल्या. एकशे चौऱ्याहत्तर!

"खारी गोड कुठं असते?" ते पुटपुटले.

"मैदाच की तो," आतून आवाज आला.

 नाना स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"व्हय, घेतला," गोजरबाई म्हणाल्या आणि पुढचे दोन दिवस तुटकच बोलल्या.

खारी बंद झाली. जेवणानंतर अर्धा तास चाललं की आकडा कमी चढतो, हेही नानांनी चार वेळा पडताळून पाहिलं. चकती निघाल्यावरही चालणं सुटलं नाही. गोजरबाईही सोबत जाऊ लागल्या.

तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारून आला. नाना कागद उलटसुलट करून बघत राहिले.

"दुसऱ्या लॅबात एकदा बघावं का?"

"बघा," चपला घालत गोजरबाई म्हणाल्या, "पण आधी चला. जेवून अर्धा तास झाला."